दातदुखी आणि केसपेपरवर न लिहिलेले वावडे

कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी दाढ सुजलेला रुग्ण दंतवैद्याकडे पोहोचतो तो बहुधा चौथ्या मुक्कामी. आधी घरची लवंग, मग औषधाचे दुकान, त्यानंतर आपण. दंतवैद्याच्या खुर्चीत उघडे पडणाऱ्या वावड्याचे धागे म्हणूनच आपल्याशी जुळलेले असतात.

‘दाताच्या इंजेक्शनाचे वावडे आहे’ असे सांगत गोदाकाठचे एक शेतकरी माझ्याकडे आले. खोदून विचारता कळले, उपाशीपोटी खुर्चीत बसले असता सुई टोचताच घाम सुटून अंधारी आली. आडवे करताच बरे वाटले. गांधी नाहीत, ओठांना सूज नाही, धाप नाही. ही मूर्च्छा. लिग्नोकेनचे खरे वावडे विरळाच. मात्र याच गृहस्थांना पूर्वी दाढेसाठी घेतलेल्या कॅप्सूलने अंगभर गांधी उठल्या होत्या, आणि ते सांगण्याजोगे त्यांना वाटले नव्हते! ती अ‍ॅमॉक्सिसिलिन होती काय? सांगणार कोण? पट्टी कापून सुटी दिलेली. ना नाव, ना चिठ्ठी. पुढच्या वेळी तीच कॅप्सूल जिवावर बेतू शकते.

आपली औषधे निरुपद्रवीच, ही समजूतही तपासावी. लवंगतेलातील युजेनॉल व दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही स्पर्शजन्य वावड्याची परिचित कारणे आहेत. (तीव्र तेलाने हिरडी भाजणे निराळे.) दंतवैद्याच्या झिंक ऑक्साइडच्या भरणातही युजेनॉलच असते, तेव्हा असा रुग्ण पाठविताना चिठ्ठीत तसे लिहावे. केळी-पपईने तोंड खाजते म्हणणाऱ्यास रबरी हातमोज्यांबद्दल विचारावे.

चरकाच्या दशविध परीक्षेत सात्म्य आहेच. आपण ते उत्तरपत्रिकेत लिहिले, केसपेपरवर लिहीत नाही.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्य पदव्युत्तरांच्या शिक्षणात दंतनिष्कासन स्पष्टपणे नमूद झाले. हक्काचा वाद पुष्कळ झाला. अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी हाताशी आहे काय, तिची मुदत संपली काय, हे आपल्या सभांत क्वचितच निघते. धाप, घशाला सूज वा रक्तदाब कोसळणे दिसताच प्रौढास १:१००० चे ०.५ मिली मांडीच्या बाहेरील स्नायूत द्यावे. अ‍ॅव्हिलवर विसंबून वेळ दवडू नये, आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

माझ्या केसपेपरच्या माथ्यावर आता लाल शाईत चार प्रश्न छापले आहेत: कशाने, काय झाले, किती वेळात, केव्हा. औषधविक्रेत्या बंधूंकडे मागणे एवढेच, की सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचे नाव लिहून द्यावे.