रवंथ कोण पाहतं?

फुलंब्री तालुक्यातल्या एका वस्तीवर सहावीतल्या मुलीने आजीला हाक मारली, "आज्जे, कपिली रवंथ करीना." आजीने गाईचं नाक पाहिलं, कोरडं. कान हाताला गार लागले. लगेच ढोरांच्या डॉक्टरांना फोन गेला. धडधाकट गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. ते थांबलं की आत काहीतरी बिनसलेलं असतं. हे त्या मुलीला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. रोज वैरण टाकता टाकता नजर तयार झाली.

गाय व्याली की तास-दोन तासांत वासराला चीक पाजावाच लागतो, रोगाशी झुंजायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. खरवसाची वाट पाहणाऱ्या पोरांना वासराचा वाटा आधी, हे तिथेच कळतं. उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळं होतं. एक करडू दांडगं, दुसरं लेचंपेचं. त्या दुसऱ्याला धरून आचळाला लावायचं काम घरातल्या पोराकडे येतं. पुढे तेच करडू छावणीतल्या जनावरांच्या बाजारात विकलं जातं. पोरगं रडतं, धड जेवत नाही. तरी त्याच्यापासून हे लपवू नये. घर कशावर चालतं हे त्यालाही कळायला हवं.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात यातल्या कशाचीच नोंद नसते, याचा मला राग येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यातला एक दिवस शहरातल्या शाळांनी पोरांना गोठ्यात न्यावं. शेण काढू द्यावं, गोचीड कुठे दडते ते पाहू द्यावं. त्या दिवशी शिकवायला वस्तीवरचीच पोरं उभी करावीत.

मात्र शाळा बुडवून गुरं राखणं वेगळं. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या कामाला हात लावायचा तो शाळा सुटल्यावर नाहीतर सुटीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं मात्र भर हंगामात कोपीवर बैल आणि धाकटी भावंडं सांभाळत बसतात. तिथे जनावराची माया असेल, पण वर्ग हातचा गेलेला असतो. जिल्हा परिषदेने हंगामी वसतिगृहं टोळ्या निघण्याआधी उघडावीत. पोरं शाळेत राहू द्यावीत. बैलांना वाढे टाकायला आईबाप आहेत.