घरचे कार्य, परके हात

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला समारंभ उभा करण्यातले कष्ट पुरते ठाऊक असले पाहिजेत. मात्र त्या म्हणीतला लग्न करणारा म्हणजे यजमान. मांडव घालणारा, पंगतीत वाढणारा, पहाटे चूल पेटवणारा तिच्यात येत नाही. आपल्या साहित्यिक समारंभांचेही तसेच झाले आहे आणि त्यात आम्हीही दोषी आहोत, हे सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापक मित्रांनी एका महाविद्यालयात दोन दिवसांचे चर्चासत्र भरवले. निमंत्रणे, निवासव्यवस्था, निबंधांच्या प्रती, पुष्पगुच्छ, सगळे यथासांग होते. जेवणाची कूपने तीन रंगांत छापली होती: वक्त्यांसाठी, प्रतिनिधींसाठी आणि पत्रकारांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास नोंदणीच्या टेबलावर बसलेली एम.ए.ची विद्यार्थिनी घेरी येऊन पडली. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत ती फलक रंगवत होती, पहाटे पाहुण्यांना आणायला स्थानकावर गेली होती आणि दिवसभरात तिच्या पोटात दोन कप चहाखेरीज काही गेले नव्हते. "जेवली का नाहीस?" असे आम्ही तिला जरा दरडावूनच विचारले. ती म्हणाली, "सर, आमच्यासाठी कूपन नव्हतं." स्वयंसेवकांसाठी चौथा रंग छापावा, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. मंडपवाल्याच्या चार मुलांचा आणि ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याचा विचार तर त्याहून दूर. आभारप्रदर्शनात मात्र 'ज्ञात-अज्ञात हातांचे' आभार आम्ही न विसरता मानले.

आम्ही दुष्ट नव्हतो. मग असे का झाले, याचा विचार करता आम्हांला एक उत्तर सापडते. समारंभाविषयीची आपली सारी भाषा 'घरच्या कार्या'ची आहे. घरच्या कार्यात कोणी तास मोजत नाही, मोबदला मागत नाही, आणि पाहुणे जेवल्याखेरीज जेवत नाही. तिथे हे चालून जाई, कारण आज माझ्या दारी राबणाऱ्या भाऊबंदांच्या दारी उद्या मी राबणार असे. ती देवाणघेवाण होती. आता मांडव, जेवण, दिवे, ध्वनी, सूत्रसंचालन सारे बाहेरून येते. हात परके झाले, पण त्यांच्याकडून अपेक्षा घरच्याच राहिल्या. 'आपलंच कार्य समजा' हे वाक्य कंत्राटदाराच्या पोरांना आणि विभागातल्या विद्यार्थ्यांना ऐकवले जाते, तेव्हा त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच असतो की, तास मोजू नका. उद्या त्यांच्या दारी राबायला आपण जाणार नसतो.

1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. तिथपासून 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या 98व्या साहित्य संमेलनापर्यंतच्या अध्यक्षांची यादी आपले विद्यार्थी स्पर्धा परीक्षांसाठी मुखोद्गत करतात. ते मांडव कोणी घातले आणि मध्यरात्री कोणी सोडले, याची नोंद कोठे ठेवायची अशी कल्पनाही आपल्याला शिवत नाही. नोंद नाही म्हणून चिंताही नाही.

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपली आणखी एक जबाबदारी आहे. कष्टांचे उदात्तीकरण करणाऱ्या कथा आपणच वर्गात सांगतो. विठाबाई नारायणगावकर यांची कथा कोणाला ठाऊक नाही? तमाशा चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. आम्हीही ही कथा भारावून सांगत आलो. विठाबाईंच्या कलेपुढे आणि धैर्यापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत. परंतु दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना कधी विचारला नाही. त्याचे उत्तर फडाच्या अर्थव्यवहारात आहे. सुपारी घेतलेली असते, कलावंतांना उचल दिलेली असते, यात्रांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो, आणि एक रात्र बुडाली तर कर्जाचा डोंगर वाढतो. 2002 मध्ये विठाबाई गेल्या. त्यांच्या नावाने शासन आज पुरस्कार देते. पुरस्कार योग्यच आहे. पण त्या कथेतून 'कलावंताने असेच असावे' हा धडा काढणे आम्हांला आता क्रूरपणाचे वाटते.

दौऱ्यावरच्या नाटकाचेही असेच आहे. दुपारी ट्रकमधून नेपथ्य उतरवायचे, ते लावायचे, दिवे बांधायचे, प्रयोग करायचा, मग सगळे सोडून पुन्हा ट्रक भरायचा आणि रात्रभर प्रवास करून दुसऱ्या गावी तेच करायचे. प्रेक्षकाला तीन तास दिसतात. पडद्यामागच्या माणसाचा दिवस पंधरा-सोळा तासांचा होतो. यातला सर्वांत धोक्याचा भाग रंगमंचावर नसून परतीच्या रस्त्यावर असतो. भक्ती बर्वे यांच्यासारखी अभिनेत्री फेब्रुवारी 2001 मध्ये वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना अपघातात गेली, हे रंगभूमी विसरलेली नाही. तरीही 'प्रयोग संपला की लगेच निघू' हा रिवाज चालूच आहे, कारण मुक्कामाचा खर्च वाचतो. मोबदला 'नाइट'वर, म्हणजे प्रयोग झाला तरच. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा पडद्यामागच्या अनेकांच्या घरी शिधा पोहोचवावा लागला. तेव्हा आपल्याला या माणसांची आठवण झाली. नाट्यगृहे उघडली आणि आठवण पुन्हा मिटली.

कानांची गोष्ट तर कोणी काढतच नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या जागी सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानके जाहीर केली, तीही 100 डेसिबलच्या सरासरीची कमाल मर्यादा सांगतात. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी उभा असलेला विशीतला मुलगा रात्रीमागून रात्री त्याहून मोठा आवाज सोसतो. वीस-पंचवीस रुपयांची कानातली बोंडे त्याला कोणी देत नाही.

यावर काही आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की, ही माणसे हौसेने येतात. हौस खरी आहे; नाटकाच्या आणि ग्रंथांच्या वेडाशिवाय या क्षेत्रात कोणी टिकत नाही. पण हौस म्हणजे भूक आणि झोप यांवर सोडलेले उदक नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छोट्या गावातली संस्था वर्गणी गोळा करून व्याख्यानमाला चालवते. तिने पाळ्या, मुक्काम, जेवणे यांचा हिशेब ठेवला तर तिचे दार बंद होईल. या आक्षेपाचे ओझे आम्ही अनुभवले आहे. तरीही आमचे उत्तर असे की, शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांवरचा खर्च आधी पाहावा. आमच्या चर्चासत्रात सतरा जणांचा सत्कार झाला होता. त्यातले निम्मे सत्कार गाळले असते तर चौथ्या रंगाची कूपने, मंडपाच्या मुलांची जेवणे आणि चालकाचा मुक्काम, एवढे सहज भागले असते.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीचा 2017 चा कायदा मूळ रूपात दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालत होता आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता. चार माणसांच्या मंडपवाल्यापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे यजमानाची सदसद्विवेकबुद्धीच कायदा ठरते. म्हणून साध्या गोष्टींपासून आरंभ करावा: राबणाऱ्यांची पंगत पाहुण्यांच्या आधी, सकाळची माणसे रात्री नाहीत, मांडव दुसऱ्या दिवशी उजेडात सोडायचा, ठरलेले पैसे त्याच रात्री हातात, आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांची नावे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आता निवेदन, संहितालेखन, साहित्य महोत्सवांचे संयोजन या कामांत शिरत आहेत. त्यांना आमचे वडीलकीचे चार शब्द. कामाचे तास रोज वहीत लिहा. लिहिल्याखेरीज ते किती झाले हे तुमचे तुम्हांलाही कळत नाही. पोटात अन्न नसताना कोणाच्याही स्वागताला उभे राहू नका. रात्री दोनला गाडी चालवण्यापेक्षा ओळखीच्या घरी अंग टाका. कार्य पार पडल्यावर लग्नघर रिकामे व्हावे तशी एक उदासी येते. ती आली म्हणजे आपण दुबळे, असे समजू नका. महिनाभर ताणलेली तार सैल झाली की तसेच होते. मागे दोन दिवसांची सुटी आधीच ठरवून ठेवा. उदासी आठवडे उलटूनही जाईना, झोप लागेना, तर डॉक्टरकडे जायला लाजू नका. आणि 'आपलंच कार्य समजा' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारा, "मग जेवायला कधी बसायचं?"

त्या विद्यार्थिनीला सलाइन लावून संध्याकाळी घरी सोडले. पुढल्या वर्षी तिने पुन्हा स्वयंसेवक म्हणून नाव दिले. आम्ही तिला कूपने छापण्याचे काम दिले. तिने ती एकाच रंगात छापून आणली.