वडप्याची गोदामं कुणाच्या बाजूने?

31 जुलै 2025 ला डोनाल्ड ट्रम्प यांनी भारताच्या अर्थव्यवस्थेला ‘मृत’ म्हटलं. राहुल गांधींनी लगेच त्याला दुजोरा दिला. दोनच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाराणसीत सांगितलं, की भारत जगातली तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होणार आहे. मे महिन्यात निती आयोगाच्या सीईओंनी आपण जपानला मागे टाकून चौथे झाल्याचं जाहीर केलं होतंच. एकाच देशाबद्दल इतकी टोकाची मतं! मग खरं कोण बोलतंय?

आधी आकडे बघू. 2024-25 मध्ये आपली अर्थव्यवस्था 6.5 टक्क्यांनी वाढली. मेलेली गोष्ट अशी वाढत नाही. ट्रम्प यांचं विधान टॅरिफच्या भांडणातलं होतं, हे उघड आहे. पण ‘चौथा नंबर’ हा एकूण आकाराचा हिशोब आहे. माणशी हिशोब केला की चित्र पालटतं. नाणेनिधीच्या एप्रिल 2025 च्या अंदाजात भारताचा दरडोई जीडीपी 2,900 डॉलरच्या आसपास आहे, तर जपानचा साधारण 34,000. म्हणजे आपण जपानच्या जेमतेम बाराव्या हिश्श्यावर.

हा वाद समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरचं वडपे पुरेसं आहे. भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांची. आज तालुक्यात नजर जाईल तिथे गोदामं दिसतात. पूर्वी मुंबईत माल नेला की जकात लागायची, म्हणून तो हद्दीबाहेर, इथे ठेवणं परवडायचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं ओस पडायला हवी होती, पण उलट वाढली. कारण वेगवेगळ्या करांमुळे कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवावी लागायची. ती गरज संपली आणि मोक्याच्या जागी एकच मोठं गोदाम सोयीचं ठरलं. त्यात ऑनलाइन खरेदीची भर पडली. जून 2025 मध्ये नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला.

याचं श्रेय कोणत्या नेत्याचं? जीएसटी आणण्याचं उद्दिष्ट 2006 च्या बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी मांडलं, लागू केला मोदी सरकारने. समृद्धीची कल्पना देवेंद्र फडणवीसांची, पण काम उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे यांच्या काळातही चालू राहिलं. म्हणजे नेतृत्व महत्त्वाचं आहेच, पण वडपे काही एका माणसाने उभं केलेलं नाही.

आता दुसरी बाजू. गोदामं आली, त्यांत काम कसलं? पिकिंग, पॅकिंग, लोडिंग. बरंचसं कंत्राटी. बीकॉम झालेल्या मुलाने तिथे स्कॅनर हातात घ्यावा यात कमीपणा काहीच नाही, पण त्या कामाला त्याची डिग्री लागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या 2024 च्या अहवालानुसार, देशातल्या बेरोजगारांमध्ये सुशिक्षित तरुणांचं प्रमाण 2000 मध्ये 54.2 टक्के होतं, ते 2022 मध्ये 65.7 टक्के झालं. रघुराम राजन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणूनच शिक्षण आणि कौशल्यावर जास्त खर्च करा, असं सांगतात. सरकारचा भर रस्ते आणि कारखान्यांवर आहे. 2014 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सुरू झालं, तेव्हा जीडीपीत उत्पादन क्षेत्राचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो अजून 20 टक्क्यांच्याही आतच आहे.

मला वाटतं, नेत्याला मोजायची योग्य पट्टी हीच. विरोधक काय म्हणतात किंवा ट्रम्प काय म्हणतात, त्यापेक्षा त्याने स्वतः ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं का, ते बघावं. हा नियम विरोधकांनाही लागू. ‘मृत’ म्हणणाऱ्यांनी ती जिवंत कशी करणार, तेही सांगायला हवं.

वडप्याचा रस्ता रुंद होतोय, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुढच्या वेळी कुणी देशाचा नंबर सांगितला, की आपण दोन प्रश्न विचारू: माणशी किती? आणि त्यातून आपल्या शिक्षणाला साजेशी कामं किती?