हरलेल्या अंतिम सामन्यानंतर

कोलकाता नाइट रायडर्स आणि मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची फारकत २९ जुलै २०२५ रोजी जाहीर झाली. पंडितांना नव्या संधी शोधायच्या आहेत, असे कारण देण्यात आले. निरोपाची ही भाषा आयपीएलमध्ये इतकी वापरून झाली आहे, की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि रागावतही नाही. पंडितांच्या हाताखाली हा संघ २०२३ मध्ये सातवा आला, २०२४ मध्ये विजेता ठरला आणि २०२५ मध्ये आठवा आला. विजेतेपदाचे श्रेय तेव्हा बहुतांशी मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्या पदरात पडले होते. आठव्या क्रमांकाला मात्र वाटेकरी मिळाला नाही. कर्णधार श्रेयस अय्यरला हातचा जाऊ देणे आणि व्यंकटेश अय्यरवर २३ कोटी ७५ लाख रुपये लावणे, हे निर्णय ज्या टेबलावर झाले तिथल्या कोणी नव्या संधी शोधायला निघाल्याचे ऐकिवात नाही.

ही बातमी आल्यावर नागपुरातल्या मनीषनगरच्या चहाटपऱ्यांवर ‘सरांना नागपुरात परत आणा’ असा सूर निघणे साहजिक होते. पंडितांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकून दिले आणि दोन्ही वर्षी इराणी करंडकही आला. पण त्या यशाचे मूळ पंडितांच्या शिस्तीइतकेच मुंबईच्या एका निर्णयात होते. त्याचा उल्लेख मुंबईकर सहसा करत नाहीत.

२०१५-१६ मध्ये पंडितांनी मुंबईला रणजी जिंकून दिली. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. एका वर्षी करंडक, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. एवढ्या भांडवलावर दुसरीकडे कोणाचाही सत्कार झाला असता. मुंबईने पंडितांच्या जागी समीर दिघे यांना नेमले. पंडित विदर्भाकडे आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटककडून एक डाव आणि २० धावांनी हरली. सामना होता नागपूरच्या जामठा मैदानावर. म्हणजे पराभव पाहायला नागपूरकरांना वर्धा रोड सोडावा लागला नाही. त्याच कर्नाटकला विदर्भाने ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात ५ धावांनी हरवले, रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले, आणि अंतिम सामन्यात दिल्लीवर ९ गडी राखून विजय मिळाला. हा सामनाही इंदुरात, होळकर मैदानावरच झाला. ज्या मैदानावरच्या पराभवानंतर मुंबईला पंडित नकोसे झाले, तिथेच वर्षभरात त्यांनी १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या संघाला पहिला करंडक मिळवून दिला.

आता दुसरा हरलेला अंतिम सामना. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला. पुढे ५३८ धावांचे लक्ष्य समोर असताना कर्णधार अक्षय वाडकरने शतक ठोकले, सामना पाचव्या दिवसापर्यंत ताणला, तरी पराभव १६९ धावांचा झाला. प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. पंडितांसारखे नाव त्यांच्यामागे नव्हते, त्यामुळे त्यांना हलवणे कितीतरी सोपे होते. विदर्भ क्रिकेट संघटनेने त्यांना हलवले नाही. पुढच्या हंगामात नागपुरातच उपांत्य सामन्यात मुंबई समोर आली. पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना तंबूत धाडले आणि मुंबई ८० धावांनी हरली. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने करंडक विदर्भाकडे आला. दानिश मालेवारने १५३ धावा काढल्या आणि हर्ष दुबेने एका रणजी हंगामात ६९ बळींचा नवा विक्रम केला.

दोन पराभव, दोन संघटना आणि दोन निरनिराळे परिणाम. एवढ्यावरून नियम काढता येत नाही, असे कोणी म्हणेल; मुंबईने २०२४ मध्ये बेचाळिसावा करंडक घेतलाच, असेही म्हणेल. म्हणू द्यावे. मुंबईला करंडकांची सवय इतकी आहे की उपविजेतेपद तिथे अपराध ठरते. विदर्भाने साठ वर्षे उपांत्य फेरीचीही वाट पाहिली, त्यामुळे अंतिम फेरीत हरणे म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोचणे, हे इथे अजून कळते.

मालकांच्या खेळात ही समज टिकत नाही, याचा एक जुना पुरावा अमेरिकन बेसबॉलमध्ये आहे. तिथे संघाची सूत्रे मॅनेजरकडे असतात आणि प्लेऑफ संपताच त्यांच्या खुर्च्या हलू लागतात. न्यूयॉर्क यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी बिली मार्टिन या एकाच माणसाला पाच वेळा नेमले आणि पाचही वेळा घालवले. जो टोरी यांनी त्याच संघाला चार विजेतेपदे आणि सलग बारा वर्षे प्लेऑफ दिले. २००७ मध्ये संघ पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर त्यांच्यापुढे कमी पगाराचा एक वर्षाचा करार ठेवण्यात आला. टोरींनी तो नाकारला आणि ते लॉस एंजेलिसला गेले. २००८ मध्ये त्यांचा नवा संघ प्लेऑफमध्ये होता, यांकीज नव्हते.

हा मालकी स्वभाव आता नागपूरच्या वेशीत आला आहे. आयपीएलचा संघ या शहराला मिळाला नाही. २०१० मध्ये डेक्कन चार्जर्स काही सामने जामठ्यावर खेळून गेले, २०१६ मध्ये पंजाबचे ठरलेले सामने दुष्काळामुळे गेले, आणि २०२१ मध्ये नवे संघ लखनौ आणि अहमदाबादला मिळाले. संघाची ती हौस जून २०२५ मध्ये विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीगने भागवली. नेको मास्टर ब्लास्टर, पगारिया स्ट्रायकर्स ही संघांची नावेच मालक सांगतात. पैसा स्थानिक आहे, खेळाडू स्थानिक आहेत, हे चांगलेच. पण दोन आठवड्यांच्या निकालावरून प्रशिक्षकाचा हिशोब मांडण्याची सवय संघटनेच्या निवड बैठकीत शिरली, तर घनींसारख्या माणसाला दुसरे वर्ष कोण देणार, हा प्रश्न लीगच्या दिमाखात कोणी विचारलेला नाही.

विचारण्याची वेळही तेव्हा जवळ आली होती. विदर्भाकडून खेळलेला करुण नायर कर्नाटकात परत गेल्याने गतविजेत्या संघाला नव्या हंगामात एखाद-दुसरा पराभव पत्करावा लागण्याची शक्यता होती. इराणी करंडकाचा सामना १ ते ५ ऑक्टोबर २०२५ ला नागपुरात ठरला होता. पंडितांना परत बोलवायचे की नाही, हा मुद्दा त्यातून सुटणार नव्हता. घनींना हात न लावणे हे काम मात्र बिनखर्चाचे होते.