ग्रीसिंग फुकट देऊ नका

कळंबोली स्टील मार्केटमधून कॉइल भरून निघालेला ट्रेलर असो की न्हावाशेवाचा कंटेनर, सगळं वजन शेवटी हबमधल्या बेअरिंगवर येतं. आणि आपले गॅरेजवाले काय म्हणतात? सर्व्हिसिंगसोबत ग्रीसिंग फ्री! अहो, फुकटचं काम हेल्पर कसं करणार? निप्पल न पुसताच गन लावतो, तोंडावरची माती ग्रीसबरोबर आत. शॅकल पिनला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं, ते बरोबर. पण एक्सलच्या टोकाला निप्पल असेल तर चाक जॅकवर घेऊन, फिरवत फिरवत, हळूहळू भरावं लागतं. जोर लावला की मागचं सील सुटतं आणि ग्रीस ब्रेक लायनरवर जातं. मग घाटात ब्रेक लागेल का? बऱ्याच हबना तर निप्पलच नसतो. तिथे हब खोला, बेअरिंग धुवा, हाताने भरा. या वेळेचे पैसे कोण देणार?

माझं मत सरळ आहे. बिलावर ग्रीसिंगची वेगळी ओळ टाका: कोणतं ग्रीस, किती पॉइंट, पुढचं किती किलोमीटरला. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि पावसाळ्यात चाकं पाण्यात बुडाली असतील, तर किलोमीटर न बघता लगेच बोलावून घ्या.