चाकावरचं घर आलं, पण चूल कुणाची?

जोडून सुट्ट्या आल्या की शहरातल्या माणसाला घरात बसवत नाही. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी आणि मग रविवार. सलग तीन दिवस! अशा दिवसांत नाशिकहून पेठकडे येणारा रस्ता बघावा. सावळघाट असो की कोटंबी घाट, जिथे डोंगरावरून पाणी पडताना दिसेल तिथे गाड्यांची रांग. पूर्वी ही मंडळी सकाळी यायची, गरम भजी खायची, फोटो काढायची आणि अंधार पडायच्या आत नाशिक गाठायची. आता मुक्कामाची हौस वाढली आहे. कुणी तंबू आणतं, तर कुणी थेट चाकावरचं घर. आत पलंग, गॅस, फ्रीज, संडास, सगळं. परदेशात असं घर मोटारीला मागून जोडतात, त्याला ट्रेलर म्हणतात. आपल्याकडे ओढायचा ट्रेलर क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा बस किंवा टेम्पोच्या आतच संसार मांडलेला असतो, म्हणजे कॅरॅव्हॅन. आणि सोबत घरातलं लाडकं कुत्रं. एकटं घरी कसं ठेवायचं? म्हणून तेही सहलीला!

यात हसण्यासारखं काही नाही हं. आपल्या आज्या-पणज्या तरी दुसरं काय करत होत्या? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला जायचं किंवा चैत्रात सप्तशृंगी गडावर, तर बैलगाडी जुंपायची. गाडीत पेंढा, त्यावर वाकळ, पिठाचा डबा, मिठाची पुडी. रात्री गाडीखाली झोपायचं. आणि गाडीखालून चालणारं कुत्रं तर आपल्या म्हणीतच जाऊन बसलं आहे. गाडी आपणच ओढतोय असं त्याला वाटतं, म्हणतात ना! तेव्हा चाकावरचं घर आणि सोबतचं कुत्रं, ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही.

आणखी एक चाकावरचं घर आपल्या तालुक्याला ठाऊक आहे. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की आपल्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. कुणी नाशिकला बांधकामावर जातं. डेगी, हंडे, गोधड्या, दोन कोंबड्या, मांडीवर लेकरू. तिथे बागेच्या कडेला ताडपत्रीचं पाल ठोकायचं आणि दोन-चार महिने काढायचे. एकाची हौस, दुसऱ्याचं पोट. उघड्यावर राहण्यात गंमत वाटण्यासाठी आधी परत जायला पक्कं घर असावं लागतं, एवढंच. हे म्हणताना येणाऱ्या पाहुण्यांवर माझा राग नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला चार मोकळे श्वास हवे असतात. ते त्याने जरूर घ्यावेत. पण मला दोन बायकांबद्दल बोलायचं आहे. एक त्या गाडीतून आलेली आणि दुसरी, जिच्या गावात ती गाडी उभी राहिली आहे ती.

आधी पाहुणी बाई. हॉटेलात उतरलं तर निदान स्वयंपाक तरी सुटतो. चाकावरच्या घरात मात्र ओटा तिच्यासोबत आलेला असतो. नवरा खुर्ची टाकून डोंगर बघतो, मुलं कुत्र्याला घेऊन पाण्याकडे पळतात आणि ही आत चहाचं आधण ठेवते. नाश्ता झाला की भांडी, भांडी झाली की दुपारचं काय? कुत्र्याचा दूधभातसुद्धा तिनेच कालवायचा. घरी निदान कामाला बाई तरी येते! मैत्रिणींनो, तीन दिवसांच्या सुट्टीत जिच्या हातचा झारा सुटत नाही, तिची सुट्टी झाली असं म्हणायचं का? फक्त स्वयंपाकघराची खिडकी बदलली. म्हणून माझं म्हणणं आहे की अशा सहलीला निघण्याआधी घरात कामाची वाटणी ठरवून घ्यावी. पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार, कुत्र्यामागे कोण फिरणार. आणि एक वेळचं जेवण तरी गावातून विकत घ्यावं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात मिळणाऱ्या रानभाज्या. पाहुणीला विश्रांती मिळेल आणि गावातल्या बाईच्या हातात दोन पैसे पडतील.

आता ही गावातली बाई. तिला या पाहुणचारात काय मिळतं? बहुतेक वेळा ‘मावशी, पाणी मिळेल का?’ एवढंच. ते ती देतेही, नाही म्हणणं आपल्या रक्तात नाही. पण पेठचं पाणी म्हणजे काय, हे पावसाळ्यात येणाऱ्याला कळत नाही. इथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो डोंगरउतारावरून धावत दमणगंगेला, पारेला मिळतो आणि समुद्राकडे निघून जातो. मार्च उजाडला की त्याच हिरव्या डोंगरातल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन आटत चाललेल्या विहिरीची वाट तुडवतात. अनेक वाड्या-पाड्यांना झरा किंवा विहीर हाच आधार. आता विचार करा, चाकावरच्या घरात संडास असतो, भांड्यांचं खरकटं पाणी असतं. ते गाडीखालच्या टाकीत साठतं. परदेशात ती टाकी रिकामी करायला ठरावीक जागा असतात. आपल्याकडे ती जागा नसेल तर टाकी कुठे उघडणार? जवळच्या ओहळात! आणि तोच ओहळ खाली कुणाच्या तरी झऱ्याला लागलेला असतो. तंबूवाल्यांची तर टाकीही नसते. ज्या झुडपाआड गावातल्या बाया पहाटे जातात, तिथेच रात्री यांचे दिवे. शेताच्या बांधावर फुटलेल्या बाटल्या. आवणीला किंवा निंदणीला अनवाणी उतरणाऱ्या बाईच्या पायात त्यातली काच शिरते, तेव्हा मजा करणारे कधीच घरी पोहोचलेले असतात.

कुत्र्यांविषयीही स्पष्ट बोलायला हवं. कुत्रं पाळणं ही माया आहे, मला ती समजते. पण शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेलं कुत्रं मोकळ्या माळावर सुटलं की त्याला शेळ्या, कोंबड्या म्हणजे खेळ वाटतो. ज्या घरात पाच शेळ्या हीच बँक, तिथे एक शेळी गेली तर मुलीची पुढच्या वर्षाची फी गेली. शेळ्यांमागे असणारी असते आठ-दहा वर्षांची पोर नाही तर म्हातारी. तिने काय करायचं? म्हणून कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याचं दुसरं टोक मालकाच्या हातात, यात सवलत नको. निघण्याआधी रेबीजची लस दिलेली असावी, ती ठरल्या वेळी पुन्हा द्यावी लागते.

आणि हो, कुत्र्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे बिबट्या आहे आणि कुत्रं ही त्याची आवडती शिकार. रात्री तंबूबाहेर कुत्रं बांधणं म्हणजे बिबट्याला माणसांच्या उशाशी बोलावणं. कुत्रं आत घ्या, खरकटं बाहेर टाकू नका.

हे गावातल्या मैत्रिणींसाठीही सांगते. कुत्रं चावलं, मग ते पाळीव असो वा भटकं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट भरायचं नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. तडक सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे लस मोफत मिळते आणि तिचे सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून उशीर परवडत नाही.

यावर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, ‘बाहेरच्यांना येऊच देऊ नका.’ मला हे पटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, डोंगर बघायची इच्छाही सगळ्यांची. शिवाय गावात काम मिळालं तर चार बाया तरी पिकअपमध्ये चढायच्या थांबतील. दुसरे म्हणतात, ‘नियम लावले तर पाहुणे पळतील.’ जो पाहुणा फक्त नियम नाहीत म्हणून येतो, तो पळालेलाच बरा. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी आणि सुरक्षित जागा मिळाली तर कुटुंबवत्सल माणूस पैसे द्यायला कां-कूं करत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या जागा असाव्यात असा विचार आहे. म्हणजे कुठेही गाडी उभी करून संसार मांडावा, असं सरकारही म्हणत नाही. आणि राखीव जंगलात विनापरवाना जाळ करणं हा तर १९२७ च्या वन कायद्यापासून गुन्हा आहे.

मग करायचं काय? पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी इथल्या ग्रामसभेला आपल्या पाण्या-जंगलाबद्दल बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो आपण वापरतो का? गावाने ठरवावं की मुक्काम एका ठरलेल्या जागीच होईल, झऱ्यापासून दूर. तिथे दोन संडास बांधावेत, एक बायकांसाठी, आणि त्यांचा शोषखड्डा नीट असावा. प्रत्येक गाडीमागे आणि तंबूमागे शुल्क घ्यावं, पावती द्यावी. कचरा ज्याचा त्याने परत न्यावा. कुत्रं बांधलेलं असावं. जेवणाचं काम महिला बचत गटाला मिळावं आणि जमलेल्या पैशातून आधी विहिरीची, झऱ्याची दुरुस्ती व्हावी. शुल्काचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवावा, म्हणजे पैसा कुठे मुरला असा प्रश्न उरणार नाही.

गंमत बघा, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आपल्या ग्रामसभा असतात. त्यातल्या १५ ऑगस्टला तर शहराकडून गाड्यांची रांग लागलेली असते आणि गावात सभेला कोरम भरत नाही! ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. त्या सभेला बाया जातात, रजिस्टरवर अंगठा किंवा सही करतात आणि भाकरी टाकायची आहे म्हणून उठून येतात. पुढच्या वेळी थोडं थांबा. सहीच्या आधी विषय मांडा. पाणी कुणाचं, जागा कोणती, पैसे किती, हे आपण सांगितलं नाही तर दुसरं कुणी तरी ठरवणार आहे, आणि ते ठरवणाऱ्याच्या डोक्यावर हंडा नसेल.

तेव्हा सख्यांनो, पाहुण्यांना हसतमुखाने ‘या’ म्हणा. पण त्याच दमात, गाडी कुठे लावायची तेही सांगा.