खेळण्यांना हसणारे

लिनक्स फुकट मिळत असताना एखादा पोरगा शून्यापासून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला बसला, की आपल्याकडच्या शहाण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याचा उपयोग काय?" दुसरा प्रश्न पॅकेजचा. मी याच धंद्यावर पोट भरतो आणि हे दोन्ही प्रश्न ऐकले की माझं डोकं फिरतं. ज्या लिनक्सचा दाखला देऊन त्या पोराला गप्प बसवलं जातं, तेही अशाच बिनउपयोगी उद्योगातून आलंय.

हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं, की मी एक सिस्टीम लिहितोय, पण हा नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही. मिनिक्स तरी काय होतं? ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ साली पाठ्यपुस्तकासोबत दिलेली, सुमारे बारा हजार ओळींची, युनिक्ससारखी सिस्टीम. ती त्यांना का लिहावी लागली? सिडनीत जॉन लायन्स युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ओळीओळीने शिकवत होते. युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून परवान्यात अटच घातली, की वर्गात हा कोड शिकवायचा नाही; म्हणून टॅननबॉमनी स्वतःची सिस्टीम लिहिली. लायन्स यांचं भाष्य १९९६ साली रीतसर छापलं जाईपर्यंत झेरॉक्सवर जगभर फिरलं. कर्नल वाचता येणारी पोरं किती मोलाची असतात, हे त्या कंपनीला तेव्हा कळत होतं. आपल्या अभ्यास मंडळांना अजून कळायचंय.

खुद्द टॅननबॉमही हसण्याचा मोह आवरू शकले नाहीत. जानेवारी १९९२मध्ये त्यांनी लिनक्स कालबाह्य ठरवलं आणि तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला फारसे गुण मिळाले नसते, असा टोला हाणला. पुढे काय झालं ते तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनला विचारा. आणि मिनिक्स? इंटेलच्या चिपांमधल्या मॅनेजमेंट इंजिनात ते गुपचूप चालतं, हे २०१७ साली जगजाहीर झालं. 'उपयोग काय' विचारणाऱ्याच्या लॅपटॉपमध्येच ते खेळणं बसलेलं असू शकतं.

आता आपल्या वर्गात या. ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता, आणि तशाच मार्कांची पोरं पुढे मुलाखतींत पाहिली. राउंड रॉबिनचा गँट चार्ट सुबक काढतात. डेडलॉकच्या चार अटी झोपेतून उठवलं तरी म्हणतात. प्रॅक्टिकल म्हणजे शेड्युलिंगचं सोंग आणणारा सीमधला प्रोग्राम, तोही सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला. एक्स्टर्नल येतात, सही करतात, चहा पिऊन जातात. मग त्या पोराला विचारावं, की एक प्रोसेस थांबून दुसरी सुरू होते तेव्हा नेमकं काय घडतं? तो छताकडे बघतो.

एमआयटीच्या एक्सव्ही-६ या शिकाऊ सिस्टीममध्ये याचा गाभा पानभराचाही नाही. रिस्क-व्ही प्रोसेसरवर चौदा रजिस्टरं जपून ठेवायची, दुसरी चौदा भरायची आणि परत फिरायचं. परतताना प्रोसेसर भलत्याच ठिकाणी उतरतो. हे एकदा स्वतः लिहून, एखादं रजिस्टर विसरून मशीन लटकलेलं पाहिलं, की पुन्हा गाइड उघडावं लागत नाही. मुंबईच्या आयआयटीत एक्सव्ही-६ शिकवतात, ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. म्हणजे पैशाचीही सबब नाही.

आणि या अज्ञानावर आपण झेंडा रोवतो. सी-डॅकचं 'बॉस' डेबियनवर उभं आहे, संरक्षण खात्याचं 'माया' उबुंटूवर, २०२३मध्ये गाजलेलं 'भारओएस' अँड्रॉइडच्या मुक्त कोडवर. दुसऱ्याने वळलेल्या लाडवांवर आपला बेदाणा चिकटवायचा आणि घरचे म्हणून वाटायचे! असं डिस्ट्रिब्युशन बांधणं कष्टाचं, गरजेचं काम आहे आणि मुक्त परवान्यांना ते मान्यही आहे. पण त्याला स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्म म्हणून पेढे वाटू नका.

स्वीडनचा अँड्रियास क्लिंग २०१८ साली व्यसनमुक्तीच्या उपचारांतून बाहेर पडला. रिकामा वेळ खायला उठला म्हणून त्याने सेरेनिटीओएस लिहायला घेतली. कर्नल, सी लायब्ररी, खिडक्या, ब्राउझर, सगळं नव्याने. पुढे शेकडो लोक येऊन मिळाले. त्यातला लेडीबर्ड हा ब्राउझर २०२४मध्ये वेगळा झाला आणि क्रोमचं इंजिन उसनं न घेता घडतोय. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. बहुतेक हौशी सिस्टीम पडद्यावर एक ओळ उमटवून बंद पडतात. पडू देत. लिहिणाऱ्याला त्या ओळीखालचं सगळं मशीन कळलेलं असतं, आणि तेवढं आपल्या पदवीने कळत नाही.

म्हणून गँट चार्टचे मार्क कापा. पोरांच्या हाती कर्नल द्या, त्यात एक नवा सिस्टीम कॉल घालायला लावा आणि ओरलला तोच कोड उघडून प्रश्न विचारा. आणि व्यासपीठावर कुणी पुढची देशी सिस्टीम देशाला अर्पण करू लागलं, तर नारळ फुटायच्या आधी पुढच्या रांगेतून उठून विचारा: साहेब, यातल्या कर्नलच्या किती ओळी तुम्ही लिहिल्यात?